संपलेलं पुस्तक पुन्हा दुकानात

मराठीत पुस्तकाची आवृत्ती संपते तेव्हा बहुतेक वेळा पुस्तकच संपतं. हजार प्रती काढलेल्या असतात, दहा-बारा वर्षांत त्या जातात, काही वाचनालयांच्या कपाटात, काही रद्दीत. पुन्हा हजार प्रती काढायच्या तर प्रकाशकाचं गणित जमत नाही. मग ज्यांना ते पुस्तक हवंच असतं ते कुणाकडून तरी मागून आणतात आणि झेरॉक्स काढतात. श्रोतेहो, अशी पुस्तकं लेखकाला स्वतः, कुणाचीही वाट न पाहता, इंटरनेटवरच्या दुकानात कशी ठेवता येतात त्याबद्दल मी आज बोलणार आहे. हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, एक कीर्तनकारही आहेत. त्यांना मी जे सांगतो तेच इथे सांगतो, आणि उदाहरण माझ्याच पुस्तकाचं देतो, कारण ते मला पक्कं माहीत आहे.

१९९८ साली माझं रानभाज्यांवरचं एक पुस्तक निघालं होतं. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि पावसाळ्यात सुटी मिळाली की अकोले-जुन्नरकडच्या डोंगरवाड्यांवर हिंडत होतो. टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, शेवळं अशा चाळीस भाज्या. त्या ओळखायच्या कशा, कोवळ्या कधी असतात, शिजवायच्या कशा, हे तिथल्या बायकांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. एका चित्रकार मित्रानं प्रत्येक भाजीचं रेखाचित्र काढून दिलं. त्या बायकांपैकी बऱ्याच जणी आता नाहीत. त्यांच्या नाती मोबाइलवर वाचतात आणि 'तुमचं पुस्तक कुठे मिळेल' असं विचारतात. प्रत तर माझ्याकडेही एकच उरली होती. म्हणून मी हे काम अंगावर घेतलं.

आधी दुकान म्हणजे काय ते पाहू. ॲमेझॉन कंपनीनं नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत किंडल हे पुस्तकं वाचण्याचं यंत्र विकायला काढलं आणि त्याबरोबरच लेखकांना आपली फाइल थेट दुकानात ठेवण्याची सोय करून दिली. त्या सोयीला पुढे किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, थोडक्यात केडीपी, असं नाव मिळालं. भारतात किंडलचं दुकान २०१२ साली उघडलं आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्यात मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं आली. वाचायला किंडलचं यंत्रच लागतं असा अनेकांचा समज आहे, तो खरा नाही. साध्या स्मार्टफोनवर ॲप घेतलं की पुस्तक उघडतं. हे एकच दुकान आहे असंही नाही. गूगलचं प्ले बुक्स आहे, आपल्या पुण्याचं बुकगंगा आहे. मी केडीपी वापरलं, म्हणून तपशील तिथले देतो. काम मात्र सगळीकडे साधारण सारखंच आहे.

एक गोष्ट अगदी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. केडीपीवर खातं उघडायला आणि पुस्तक ठेवायला लेखकाला एक पैसाही द्यावा लागत नाही. दुकान आपला वाटा विक्रीतून कापून घेतं. 'ई-पुस्तक दुकानात लावून देतो, अमुक हजार द्या' असं कुणी म्हणालं, तर ते पैसे नेमके कशाचे ते विचारा. टंकलेखनाचे, मुद्रितशोधनाचे, मुखपृष्ठाचे असतील तर ठीक, कारण ती कामं आहेत आणि त्यांचा मोबदला द्यायलाच हवा. दुकानाच्या प्रवेशाचे म्हणून मागत असतील तर देऊ नका.

आता पहिलं काम. ते संगणकावरचं नाही, कपाटातलं आहे. प्रकाशकाशी केलेला जुना करार शोधून काढा. लेखकाच्या पुस्तकावर हक्क लेखकाचाच असतो असं आपण धरून चालतो, पण सही करताना आपण काय काय देऊन बसलो हे कुणी वाचलेलं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात म्हटलं आहे, की हक्क लेखी करारानंच देता येतात आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. २०१२ साली त्या कायद्यात आणखी एक तरतूद आली. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या माध्यमाला तो करार लावता येत नाही. आपल्यासारख्यांच्या दृष्टीनं ही फार मोलाची ओळ आहे. २०१२ च्या आधीच्या करारांना ती कितपत लागू होते, यावर वाद घालायला वकील आहेत. मी वादात पडलो नाही. प्रकाशकांना एक सरळ पत्र लिहिलं, की मला ई-आवृत्ती स्वतः काढायची आहे, आपली हरकत नसल्याचं कळवावं. त्यांचं तीन ओळींचं उत्तर आलं. ते कागद मी पुस्तकाच्या फाइलइतकेच जपून ठेवले आहेत.

मजकूर आपला असला तरी पुस्तकातलं सगळंच आपलं नसतं, हेही ध्यानात ठेवा. मुखपृष्ठ प्रकाशकानं करून घेतलेलं असतं. प्रस्तावना दुसऱ्या कुणाची असते. माझ्या बाबतीत चित्रं मित्राची होती, त्याच्याकडून लेखी संमती घेतली. मित्र हसला, पण सही केली. जुन्या थोर लेखकांची पुस्तकं उचलून दुकानात ठेवण्याचा मोहही काहींना होतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं झालं. पु. ल. देशपांडे गेले २०००मध्ये, म्हणजे तिथे २०६० संपेपर्यंत हात लावायचा नाही.

आता मुख्य काम, आणि मराठी लेखकाचा सर्वांत जास्त वेळ जिथे जातो ती जागा. 'माझं पुस्तक कंप्युटरवर आहेच, सीडी जपून ठेवली आहे' असं लोक मोठ्या समाधानानं सांगतात. ती सीडी लावून पाहा. आपण जिला मराठी समजत होतो ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी निघते. त्याचं कारण असं. नव्वदच्या दशकात आणि नंतरही पुष्कळ वर्षं मराठी पुस्तकं श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये जुळवली जात. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी कागदावर इंग्रजी अक्षरंच असत. त्यांना मराठी अक्षरांचे मुखवटे चढवलेले असत, एवढंच. त्या फॉन्टशिवाय फाइल उघडली की मुखवटे गळून पडतात. शिवाय प्रत्येक फॉन्टचा मुखवटा वेगळा.

युनिकोडनं हे बदललं. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, 'ळ'ला स्वतःचा आहे, आणि तो जगातल्या कुठल्याही फोनवर तोच राहतो. ई-पुस्तक युनिकोडमध्येच असावं लागतं, म्हणून जुना मजकूर बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी फॉन्ट बदलणारी सॉफ्टवेअर मिळतात, काही फुकटही आहेत. पण ती एका झटक्यात पुस्तक तयार करून देतील अशी आशा धरू नका. अडचण कुठे येते ते सांगतो. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. 'स्थिती' या शब्दात पहिली वेलांटी डोळ्यांना सर्वांत आधी दिसते, म्हणून ती आधी साठवलेली. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, म्हणजे आधी 'स्थ' आणि मग वेलांटी. रफाराचं उलट. 'कर्म' लिहिताना रफार 'म'च्या डोक्यावर शेवटी बसतो, पण युनिकोड त्यातला 'र' आधी मोजतं. बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला ही सगळी हलवाहलव करावी लागते आणि जोडाक्षर जरा मोठं झालं की ते गडबडतं. वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार दुसऱ्याच शब्दावर उतरतो.

आपल्या भाषेची खास अडचण म्हणजे 'ऱ्य'. आचार्यांना वाढायला सांगणं आणि आचाऱ्यांना वाढायला सांगणं यांत केवढा फरक आहे! हिंदीला हा भेद लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या साधनांत तो हटकून बिघडतो. 'दऱ्या', 'कऱ्हाड', 'तऱ्हा' हे शब्द शोधून शोधून तपासावे लागतात. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये एकत्रित अक्षर म्हणून २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या मजकुरात ते 'अ'वर चंद्र ठेवून केलेलं असतं. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण शोधताना संगणक त्यांना वेगळी मानतो. पुस्तकाच्या नावातच असं अक्षर असेल तर वाचकाला पुस्तक न सापडण्याची शक्यता असते.

सीडीच नसेल तर? तर छापील पान स्कॅन करून त्यातून अक्षरं ओळखून घेता येतात. गूगलच्या ड्राइव्हमध्ये पानाचं चित्र चढवून ते गूगल डॉक्समध्ये उघडलं की मराठी मजकूर बऱ्यापैकी हाती येतो. 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म' आणि 'ख'चा 'रव' होतो, तेवढं धरून चालायचं. छपाई फिकट असेल तर अधिक.

दोन्ही वाटांनी शेवटी मुद्रितशोधनापाशीच यावं लागतं. आमच्या घरी ते असं झालं. मी पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचायचो आणि पत्नी छापील प्रतीवर बोट ठेवून ऐकायची. दीडशे पानांना सहा आठवडे लागले, कारण रोज तासाभरापेक्षा जास्त डोळे चालत नाहीत. कुणाला हे फार वाटेल. पण शेवळांची भाजी काकडांचा किंवा चिंचेचा आंबट रस घातल्याशिवाय केली तर घसा खाजतो. त्या वाक्यातला 'शिवाय' गळला तर वाचकाच्या घशाशी खेळ आहे. कवितेच्या पुस्तकातही एक काना मात्रा हलली तर कवीच्या जिवाला तितकंच लागत असणार.

मजकूर शुद्ध झाला की त्याची मांडणी. इथे छापील पुस्तकाची सवय सोडावी लागते. ई-पुस्तकाला ठरलेलं पान नसतं. वाचक अक्षर मोठं करतो, फोन आडवा धरतो, आणि मजकूर पाण्यासारखा त्या भांड्याचा आकार घेतो. म्हणून 'पाहा पृष्ठ ४७' या शब्दांना काही अर्थ उरत नाही, त्या जागी त्या प्रकरणाशी जोडणारा दुवा द्यायचा. ओळीच्या शेवटी दिलेल्या एंटर काढून टाकायच्या, नाही तर वाक्य मध्येच तुटतं. प्रकरणाचं नाव नुसतं ठळक करून भागत नाही, वर्डमध्ये त्याला शीर्षकाची शैली द्यायची, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच जवळपास. फोनवर ती वाचताना बोटानं पान सारखं इकडेतिकडे सरकवावं लागतं, त्यामुळे तिच्या वाटेला जाऊ नका. वर्डची फाइल किंवा ईपब चांगली. केडीपीचं प्रीव्ह्यूअर नावाचं मोफत साधन आहे, त्यात फोनवर आणि यंत्रावर पुस्तक कसं दिसेल ते आधीच पाहता येतं. वाचकाच्या यंत्रात जो फॉन्ट असेल त्यात 'ल' आणि 'श' कदाचित हिंदी वळणाचे दिसतील. मला ते खुपतं, पण त्यासाठी अडून बसण्यात अर्थ नाही.

मुखपृष्ठ उभं लागतं, दुकानाच्या शिफारशीप्रमाणे २५६० पिक्सेल उंच आणि १६०० रुंद. वाचकाला ते प्रथम दिसतं बोटाच्या पेराएवढं, तेव्हा नाव मोठ्या अक्षरांत हवं. पुस्तकाची ओळख दहा-बारा ओळींत लिहायची असते. आपण मलपृष्ठावर लिहितो तसं 'वाचकाला अंतर्मुख करणारं' वगैरे लिहू नका, पुस्तकात काय आहे ते लिहा. शोधशब्द द्यायला सात जागा मिळतात. पुष्कळ मराठी माणसं शोधताना मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, हे लक्षात ठेवून एक-दोन जागा त्यासाठी ठेवा. आयएसबीएन क्रमांक केडीपीच्या ई-पुस्तकाला सक्तीचा नाही. हवाच असेल तर तो आपल्याकडे राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठीही कुणाला पैसे मोजायची गरज नाही. सप्टेंबर २०२३ पासून केडीपी आणखी एक प्रश्न विचारतं, की मजकूर, चित्रं किंवा अनुवाद कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतला आहे का. खरं उत्तर द्यायचं.

आता पैसे. इथे श्रोते सावरून बसतात, म्हणून आधीच सांगतो, की यातून घर चालत नाही. केडीपीत मानधनाचे दोन दर आहेत, ३५ टक्के आणि ७० टक्के. ७० म्हटल्यावर कुणीही तोच निवडेल, पण त्यात दोन मेखा आहेत. पहिली म्हणजे ७० टक्क्यांत फाइल पोचवण्याचा खर्च आधी कापला जातो, भारतातल्या विक्रीवर मेगाबाइटला सात रुपये. शंभर रुपयांचं पुस्तक धरा, कर बाजूला ठेवा. चित्रांमुळे फाइल दहा मेगाबाइटची झाली तर सत्तर रुपये पोचवण्यातच गेले. उरलेल्या तीस रुपयांचे ७० टक्के म्हणजे एकवीस रुपये. ३५ टक्क्यांचा दर घेतला असता तर पस्तीस मिळाले असते! मी चाळीसही रेखाचित्रं काळ्या-पांढऱ्यात हलकी करून घेतली आणि फाइल दोन मेगाबाइटच्या आत आणली. मग प्रतीमागे साठ रुपयांपर्यंत जाता येतं. नुसत्या मजकुराच्या कादंबरीला ही चिंता नाही.

दुसरी मेख अशी, की भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्ट नावाच्या योजनेत जावं लागतं. त्यात गेलात की नव्वद दिवस तुमचं ई-पुस्तक दुसऱ्या कुठल्याही दुकानात ठेवता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावर फुकटसुद्धा देता येत नाही. छापील प्रतीला बंधन नाही. मुदत संपली की, आपण नको म्हटलं नाही तर, पुढचे नव्वद दिवस आपोआप सुरू होतात. बदल्यात पुस्तक किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या वाचनालयात जातं, तिथे वाचकानं जितकी पानं वाचली तितक्या पानांचे पैसे मिळतात, आणि नव्वद दिवसांत पाच दिवस पुस्तक मोफत वाटता येतं. मी पहिले नव्वद दिवस सिलेक्टमध्ये राहिलो आणि नंतर बाहेर पडलो. आमच्या भागातल्या वाचकांना जे दुकान ओळखीचं आहे तिथेही पुस्तक असावं, असं मला वाटलं. ज्यांचे वाचक मुख्यतः परदेशात आहेत त्यांनी कदाचित आत राहावं.

परदेशावरून आठवलं. न्यू जर्सीतल्या वाचकानं तिथल्या दुकानातून पुस्तक घेतलं तर त्या मानधनावर अमेरिकेत कर कापला जातो. खातं उघडताना कराची एक प्रश्नावली येते, तीत आपला पॅन क्रमांक नीट भरला तर भारताशी असलेल्या करारामुळे ही कपात तीस टक्क्यांऐवजी पंधरा टक्के होते. प्रश्नावली इंग्रजीत आहे आणि कंटाळवाणी आहे, पण भरायलाच हवी. पैसे महिना संपल्यानंतर साधारण साठ दिवसांनी थेट बँकेत येतात.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकते. ग्राहक ई-पुस्तक विकत घेतो म्हणजे वाचण्याची परवानगी घेतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली. ज्यानं ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते, हे खरं. पण विकलेलं पुस्तक वाचकाच्या घरातून परत जाऊ शकतं हे त्या दिवशी जगाला कळलं. कंपनीच्या प्रमुखांनी नंतर माफी मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं पुस्तकांचं दुकान बंद केलं, ग्राहकांना पैसे परत दिले, पुस्तकं मात्र गेली. छापील पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवाव्यात असा १९५४ चा कायदा आहे, त्यामुळे निदान कोलकात्यात तरी एक प्रत राहते. दुकानातल्या फाइलला असं माहेर नाही. म्हणून मी मूळ फाइलच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, आणि एक प्रत कागदावर छापून, शिवून तालुक्याच्या वाचनालयात दिली आहे.

फाइल चढवल्यावर बहात्तर तासांपर्यंत तपासणी चालते आणि मग पुस्तक दुकानात दिसू लागतं. पण पुढेही ते बदलता येतं, नवी फाइल चढवायची की झालं. आधी घेतलेल्यांना ती आपोआप जाईलच असं नाही, नव्या ग्राहकांना मिळते. विदर्भातल्या एका वाचकानं विचारलं, की तुमच्या पुस्तकात आमचा तरोटा कसा नाही? तरोटा म्हणजे आमचा टाकळाच. दोन दिवसांत टाकळ्याच्या प्रकरणात ते नाव गेलं. कोकणातून आणि खानदेशातून आणखी काही नावं आली आहेत, ती पाऊस सुरू व्हायच्या आत घालायची आहेत.